आधी अंदाज, मग प्रयोग : घरातल्या विज्ञानखेळांचा आढावा

भिवंडीतल्या एखाद्या एका खोलीच्या घरात हाताशी येणाऱ्या वस्तू मोजायला बसलं, तर यादी चांगलीच लांबते. सुताची कांडी, गोदामातून आलेला पुठ्ठ्याचा खोका, पाण्याची रिकामी बाटली, सायकलची व्हॉल्व ट्यूब, हळद, लिंबू, खायचा सोडा आणि छपराच्या पत्र्याला पडलेलं भोक. एवढ्या ऐवजावर शाळेच्या विज्ञानाचा बराचसा भाग मुलांना खेळत खेळत करून पाहता येतो. तरीही पालकांचा समज असा असतो की विज्ञानाचे खेळ म्हणजे दुकानातला महागडा संच, किंवा मोबाइलवर पाहायचे चमत्कार. दोन्ही गोष्टी मुबलक मिळतात आणि दोन्हींवर ‘मजेशीर’ असा शिक्का असतो.

या सगळ्या पसाऱ्यातलं मुलांना खरोखर काय शिकवतं, कुठे फसगत होते आणि घराने नेमकं काय करायला हवं, याचा हा आढावा. सुरुवातीलाच माझं मत सांगतो. खेळातलं विज्ञान साहित्यात नसतं. मुलाने प्रयोगाआधी स्वतःचा अंदाज बांधला, तो पडताळला आणि मग एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहिलं, की तिथे विज्ञान सुरू होतं. पुढचा प्रत्येक खेळ मी याच कसाला लावला आहे.

मागची वाट

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाला वाहिलेलं मराठी मासिक पुण्यात १९२८ साली सुरू झालं. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ सालची. विज्ञान मायबोलीत सांगता येतं, हा विश्वास या प्रयत्नांनी रुजवला.

भिवंडीच्या दृष्टीने त्याहून जवळचा वारसा ताराबाई मोडकांचा आहे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आज हा भाग पालघर जिल्ह्यात असला, तरी तेव्हा तो ठाणे जिल्ह्यातच होता. मॉन्टेसरीची महागडी साधनं गरीब आणि आदिवासी मुलांपर्यंत पोचणार नाहीत, हे ओळखून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खडे, पानं, बिया, शंख-शिंपले यांनाच साधनं बनवलं. परिसरातल्या वस्तूंनी शिकवणं ही नाइलाजाची सोय नसून उत्तम शिक्षणपद्धती आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

जगातही हेच घडत होतं. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी १९४८ च्या सुमारास एक छोटी पुस्तिका निघाली. प्रयोगशाळा उरल्या नव्हत्या, म्हणून डबे, बाटल्या आणि तारा यांतून प्रयोग कसे करावेत हे तिच्यात सांगितलं होतं. तिचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये युनेस्कोचा विज्ञानशिक्षकांसाठीचा जाडजूड ग्रंथ तयार झाला. आपल्याकडे १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. सरकारी शाळेतल्या मुलांनी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढावेत, हा त्याचा गाभा.

आयआयटी कानपूरमधून १९७५ साली बाहेर पडलेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून याच कार्यक्रमात गेले. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब यांतून आकृत्या बांधण्याची त्यांची युक्ती तिथलीच. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत, सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ या वास्तूतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी २००३ ते २०१४ या काळात टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर ही खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं विनामूल्य आहेत.

मुंबईत १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९८५ पासून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. ही केंद्रं जरूर पाहावीत. पण यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या आईबापांना मुंबईची एक खेप म्हणजे एका दिवसाचा रोजगार. म्हणून रोजचं विज्ञान घरातच उभं राहायला हवं.

मेणबत्तीचं पाणी : बिघडलेला खेळ

घरगुती प्रयोगांत सर्वांत लोकप्रिय खेळ कदाचित हाच असेल. ताटलीत पाणी घ्यायचं, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करायची आणि वर ग्लास उपडा ठेवायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. सोबत स्पष्टीकरणही ठरलेलं असतं: ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि पाणीही साधारण पाचव्या हिश्श्याइतकं चढलेलं दिसतं, त्यामुळे हे उत्तर चटकन पटतं. पण ते चूक आहे. ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच ज्योत विझते. शिवाय जळताना ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होत असते.

मुलांना हे सांगू नका, शोधू द्या. त्याच ग्लासाखाली एकाऐवजी दोन, मग तीन मेणबत्त्या ठेवा. ऑक्सिजन तेवढाच असताना पाणी मात्र जास्त चढतं. ग्लास ठेवताना कडेकडेने बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. पाणी चढण्याचा वेग सर्वांत जास्त कधी असतो तेही पाहा: ज्योत विझल्यानंतर. या तीन निरीक्षणांवरून दहा-बारा वर्षांचं मूल खऱ्या कारणापर्यंत स्वतः पोचू शकतं. ज्योतीने हवा तापली, फुगली आणि थोडी बाहेर गेली. ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आक्रसली, दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. खात्रीसाठी ज्योतीशिवायचा खेळ करावा. काचेची बाटली गरम पाण्याने विसळून रिकामी करायची आणि ताटलीतल्या पाण्यात उपडी ठेवायची. ती थंड होत जाते तसं पाणी आपोआप चढतं.

मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केवळ मेणबत्ती या विषयावर मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली. एका मेणबत्तीत सहा व्याख्यानांचा ऐवज त्याला सापडला. आपण त्याच मेणबत्तीला एका वाक्याचं चुकीचं उत्तर जोडून खेळ संपवतो, हे मला मोठं नुकसान वाटतं.

खायच्या सोड्याच्या ‘ज्वालामुखी’ची तीच गत. लाल रंगाचा फेस उसळतो, टाळ्या पडतात, पण खऱ्या ज्वालामुखीशी त्या फेसाचा काही संबंध नसतो. हाच खेळ असा करावा. बाटलीत ठरावीक लिंबाचा रस घ्यायचा, फुग्यात अर्धा चमचा सोडा भरायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर बसवून सोडा आत पाडायचा. मग तेवढ्याच ताज्या रसात एक चमचा, दीड चमचा, दोन चमचे असं वाढवत जायचं. फुगा आधी मोठा मोठा होत जातो आणि एका टप्प्यानंतर सोडा वाढवूनही वाढत नाही. का नाही, हा प्रश्न मूल स्वतः विचारतं. रस संपला की सोडा नुसताच उरतो, हे कळलं की रसायनशास्त्रातल्या प्रमाणाचा पाया घातला गेला.

सूत : भिवंडीची स्वतःची प्रयोगशाळा

ज्या शहरात यंत्रमागांची खडखड दिवसरात्र चालते, तिथे मुलांच्या खेळात सूत नसावं हे आश्चर्यच. सुती, पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस असे वेगवेगळे धागे बहुतेक शहरांत मुलांना विकत घ्यावे लागतील. इथे ते मागाच्या कारखान्याबाहेर तुकड्यांच्या ढिगात सापडतात.

पहिला खेळ ताकदीचा. सारख्या लांबीचे धागे खिळ्याला बांधायचे, खाली प्लास्टिकची पिशवी अडकवायची आणि तुटेपर्यंत तिच्यात एकेक गोटी टाकत जायचं. किती गोट्यांना तुटेल, हा अंदाज आधी वहीत लिहायचा. मग दुसरा प्रश्न: धागा ओला केला तर? जवळजवळ सगळी मुलं सांगतात की ओला धागा लवकर तुटेल. व्हिस्कोसच्या बाबतीत ते खरं ठरतं, ओला झाला की तो बराच कमकुवत होतो. पॉलिएस्टरला विशेष फरक पडत नाही. सुती धागा मात्र ओला झाल्यावर आणखी मजबूत होतो. सुती कापड विणणाऱ्या कारखान्यांत हवा दमट राखतात, म्हणजे धागे कमी तुटतात. जे वडील रोज अनुभवतात, ते मुलाला गोट्या मोजून कळतं. त्या दिवशी घरात या विषयावर जे बोलणं होईल, त्यात वडील जाणकार असतील. ज्या घरात शाळेच्या पुस्तकापुढे आईबाप स्वतःला अडाणी समजतात, तिथे या बदलाचं मोल फार आहे.

दुसरा खेळ विणीचा. रंगीत कागदाच्या पट्ट्या उभ्या लावून ताणा करायचा आणि आडव्या पट्ट्यांचा बाणा त्यातून न्यायचा. एक वर, एक खाली अशी साधी वीण म्हणजे भिवंडीचं ग्रे, म्हणजे कोरं कापड. आता दोन वर, एक खाली घ्या आणि प्रत्येक ओळीत एक घर पुढे सरका. तिरप्या रेघा उमटतात, जीन्सच्या कापडावर दिसतात तशा. चौकटीच्या वहीत ‘वर’साठी १ आणि ‘खाली’साठी ० लिहिलं की अख्खं कापड आकड्यांत उतरतं. मग एकाने आकडे लिहायचे आणि दुसऱ्याने नमुना न पाहता विणायचं. फ्रान्समध्ये जाकारने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पत्त्यांनी माग चालवला, तो हेच करत होता. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी ती कल्पना मागाकडून उचलली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेतही भोकांच्या पत्त्यांनीच आकडेमोड झाली. संगणकाच्या पूर्वजांत माग आहे, हे मागवाल्यांच्या मुलांना कुणीतरी अभिमानाने सांगायला हवं.

तिसरा खेळ लंबकाचा. धाग्याला नट बांधून झुलवायचा आणि वीस झोके मोजायचे. आधी नट जड करायचा, मग हलका, लांबी तीच. झोक्यांचा वेळ बदलत नाही, यावर मुलांचा विश्वासच बसत नाही. नंतर लांबी बदलायची. २५ सेंटिमीटरच्या लंबकाला एका येरझाऱ्याला जवळपास एक सेकंद लागतो, एक मीटरच्या लंबकाला दोन. लांबी चौपट, वेळ मात्र दुप्पट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगाची शिस्त शिकवायला याहून सोपा खेळ मला माहीत नाही.

आगकाड्या आणि व्हॉल्व ट्यूबचे चौकोन-त्रिकोण याच पंक्तीतले. काड्यांची गुलं आधी काढून टाकावीत. चौकोन बोटाने ढकलला की लवंडतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनाला किती काड्या जोडल्या म्हणजे तो ताठ राहील, हे मुलांनी शोधावं आणि मग कारखान्याच्या छपराखालच्या लोखंडी कैच्यांकडे पाहावं. तिथे सगळे त्रिकोणच दिसतील.

छपरातलं भोक आणि सूर्य

पत्र्याच्या छपराला बारीक भोक असलं की फरशीवर उन्हाचा गोल कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं असूनही कवडसा गोलच का? कारण तो भोकाचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. गोदामातला खोका, एका बाजूला टाचणीचं छिद्र आणि समोर तेल लावलेला कागद, एवढ्यावर पिनहोल कॅमेरा होतो. त्यात रस्ता उलटा दिसतो आणि प्रकाश सरळ रेषेत जातो हे न सांगता समजतं.

कवडशाने तर सूर्य मोजता येतो. भोकापासून कवडशापर्यंतचं अंतर, किरणाच्या तिरक्या वाटेने, धाग्याने मोजायचं. कवडसा लांबट असेल तर त्याची अरुंद बाजू मोजायची. अंतर तीन मीटर असेल तर कवडसा सुमारे २.८ सेंटिमीटर रुंद भरतो. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे एवढं सांगितलं, की त्रैराशिक मांडून सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर निघतो. खरा आकडा साधारण १३.९ लाखांचा. हे गणित सातवीतल्या मुलीला जमतं, आणि त्यासाठी लागणारं उपकरण म्हणजे गळकं छप्पर. अट एकच: सूर्याकडे थेट कधीही पाहायचं नाही, भोकातूनही नाही.

शून्य सावलीचा दिवसही घरच्या ओट्यावर साजरा करावा. भिवंडीत १६-१७ मेच्या सुमारास, दुपारी साडेबारा वाजून पाचेक मिनिटं उलटली की सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली तिच्या तळाखाली नाहीशी होते. २६-२७ जुलैच्या सुमारास तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. आधीचे आठ दिवस रोज सावलीच्या टोकावर खडूने खूण केली, तर तो दिवस कोणता हे मूल आपण होऊन सांगेल.

स्वयंपाकघर आणि हवामान

स्वयंपाकघरातल्या रंगांचे खेळ सोपे आणि भरवशाचे आहेत. हळदीचं पाणी सोड्याने किंवा कपड्यांच्या साबणाने लाल होतं, लिंबाने पुन्हा पिवळं. गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी लिंबाने गुलाबी-जांभळं होतं, सोड्याने हिरवट. चिंच, ताक, राख, धुण्याची पावडर, घामट शर्ट, आमसूल यांपैकी कशाने काय होईल, याचा तक्ता मुलांनी आधी भरावा आणि मग तपासावा. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो. अर्धा डाग झाकून, अर्धा उघडा ठेवून तेही पडताळता येतं.

काही खेळ मात्र इथल्या हवेत फसतात, आणि त्याचं कारण मुलांना सांगितलंच पाहिजे. केसांत फिरवलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलणं किंवा घासलेला फुगा भिंतीला चिकटवणं हे थंड, कोरड्या देशांतल्या पुस्तकांत हमखास जमतं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याचा सूक्ष्म थर वस्तूंवर बसतो, विद्युतभार निसटून जातो आणि मुलाला वाटतं की आपलंच चुकलं. तोच खेळ डिसेंबर-जानेवारीत करा, नीट जमेल. त्याहून चांगलं म्हणजे वर्षभर दर महिन्याला तो करून किती कपटे उचलले जातात हे लिहून ठेवावं. फसलेल्या प्रयोगातून हवामानाची नोंदवही तयार होते.

संच, चित्रफिती आणि मोठी माणसं

दुकानातले संच वाईट नाहीत. चुंबक, भिंग, इनॅमल चढवलेली तांब्याची तार अशा एरवी शोधाव्या लागणाऱ्या वस्तू त्यांत मिळतात. पण बहुतेक संचांत शेवट आधीच छापलेला असतो: हे जोडा, ते ओता, असं दिसेल. तसं दिसलं की मूल डबा बंद करतं. चित्रफितींचा दोष वेगळा. त्यांत फसलेला प्रयत्न दाखवत नाहीत आणि एकच गोष्ट बदलून पुन्हा करण्याइतका वेळ देत नाहीत. उपयोग करायचाच, तर प्रयोग सुरू झाल्यावर चित्रफीत मध्येच थांबवावी, मुलाचा अंदाज ऐकावा आणि मग पुढे पाहण्याऐवजी तोच प्रयोग घरी करावा.

मोठ्यांच्या वागण्याबद्दल अमेरिकेतला एक अभ्यास आवर्जून सांगण्याजोगा आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. अनेक करामती दडलेलं एक खेळणं त्यांनी शाळेपूर्व वयाच्या मुलांना दिलं. काहींना त्यातली एक करामत मुद्दाम शिकवून दाखवली, काहींसमोर ती जणू योगायोगाने घडली. ज्यांना शिकवलं होतं त्या मुलांनी तेवढीच करामत केली आणि बाकीची कमी शोधली. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणजे एवढंच असणार, असं मुलं धरून चालतात. म्हणून घरातल्या मोठ्यांचं काम उत्तर देण्याचं नाही. ‘काय होईल असं वाटतं?’ आणि ‘आता काय बदलून बघूया?’ हे दोन प्रश्न पुरतात. ते विचारायला पदवी लागत नाही.

भिवंडीत हे प्रश्न मराठीत, उर्दूत, हिंदीत आणि तेलुगूत विचारले जातील. एकाच गल्लीत चार भाषा असतात आणि शाळेची माध्यमं वेगवेगळी. लंबक आणि कवडसा यांना भाषेची अडचण नाही. गल्लीतली पोरं एकत्र खेळली, तर एकमेकांना समजावताना त्यांची भाषा आणि विचार दोन्ही धारदार होतील. मुलींसाठी मात्र एक गोष्ट ठरवून करावी लागेल. घरकामातून मोकळा केलेला अर्धा तास रोज त्यांच्या वाट्याला आलाच पाहिजे.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी

ज्योतीचा प्रयोग मोठं माणूस शेजारी असतानाच करायचा. सुताच्या आणि कापडाच्या ढिगाजवळ तर मुळीच नाही. घरातल्या वीजजोडणीला हात लावायचा नाही, घड्याळात किंवा टॉर्चमध्ये घालतात त्या दीड व्होल्टच्या सेलवर सगळे खेळ होतात. गोल चपटे बटन सेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक लहान मुलांपासून दूर ठेवावेत: गिळलेला बटन सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो आणि अशा वेळी तडक रुग्णालय गाठावं. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ‘काय होईल ते बघू’ हा प्रश्न इथे चालणार नाही, हेही मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगावं.

पुढे काय

या सगळ्या पाहणीतून एक गोष्ट ठळक होते. चांगल्या खेळांची वानवा नाही, साहित्याची तर नाहीच नाही. उणीव आहे ती मुलाच्या अंदाजाला घरात मान देण्याची. चुकलेला अंदाज हा अपमान न वाटता पुढच्या प्रयोगाचं आमंत्रण वाटावा, एवढं वातावरण घराने दिलं की बाकीचं मूल करतं.

त्यासाठी खर्च एका वहीचा आहे. तिच्यात तीन रकाने आखावेत: मला काय वाटलं, काय झालं, आता काय बदलू. गणेश मंडळांनी, मशिदीजवळच्या वाचनालयांनी, तेलुगू समाजाच्या सभागृहांनी आणि पालिकेच्या शाळांनी महिन्यातून एका रविवारी मुलांना आपापल्या वह्या घेऊन बोलवावं. २८ फेब्रुवारीला, रामन यांच्या शोधाच्या दिवशी, देशभर विज्ञान दिन साजरा होतो. त्या दिवशी भिवंडीत पाहुण्यांच्या भाषणांऐवजी मुलांनी गल्लीत सुताची ताकद मोजावी, छपराच्या कवडशातून सूर्य मोजावा आणि आपली आकडेमोड आईबापांना समजावून सांगावी. पहिला प्रयोग करायला मात्र फेब्रुवारीची वाट पाहू नका. आज संध्याकाळी धाग्याला एक नट बांधा आणि मुलाला विचारा, जड केला तर झोका हळू होईल की जलद?